लाइनखाली ‘फिक्स’ दाखवतं, तरी सी-७ ची उंची ८ सेंटीमीटरनं का हलते?

बुडबुडा_मध्यात (प्रश्न)

नमस्कार. पाइपलाइनच्या मार्गाची मोजणी करतोय, ४.५ किलोमीटरचा पट्टा. त्यातले साधारण ४०० मीटर २२० केव्हीच्या हायटेन्शन लाइनला लागून आहेत आणि १४ पॉइंट थेट तारांखाली येतात. या कामात मला ३ वर्षं झाली, पण लाइनखाली इतकं सलग काम पहिल्यांदाच आलंय. एका कंट्रोल पॉइंटनं (बाकीची मोजणी ज्यावर बांधायची त्या पक्क्या खुणेनं) डोकं खाल्लंय.

पॉइंटचं नाव सी-७. टॉवरच्या पायापासून ६ मीटरवर आहे. जागा मीच निवडली, कारण तिथे काँक्रीटचा जुना चौथरा आहे आणि खूण हलणार नाही याची खात्री होती. आरटीकेनं (बेसच्या करेक्शनवरून सेंटीमीटरपर्यंत जागा काढणाऱ्या जीपीएसच्या पद्धतीनं) घेतलेल्या उंच्या, मीटरमध्ये, अशा:

पहिला दिवस, सकाळी ९.१० : ४१२.३८६
पहिला दिवस, दुपारी ३.४० : ४१२.३०४
दुसरा दिवस, सकाळी ९.०५ : ४१२.३८३

तिन्ही वेळा फिक्स (सेंटीमीटरचं पक्कं उत्तर) होता, १८० एपॉकची (सलग नोंदींची) सरासरी घेतली, पोल बायपॉडवर होता, बुडबुडा मध्यात. रिसीव्हर स्वतःची अंदाजे चूक आडव्या अंतराला ११ मिलिमीटर आणि उंचीला १७ मिलिमीटर दाखवत होता. तरी सकाळ आणि दुपार यांत उंचीत ८ सेंटीमीटर आणि आडवा ५ सेंटीमीटर फरक. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्याच वेळेला पुन्हा गेलो, तर पहिल्या सकाळचाच आकडा जवळजवळ तसाच आला. म्हणजे चूक माझ्या हाताची नाही, काहीतरी कायमचं तिथे आहे, असं मी धरलं.

गंमत अशी की दोन टॉवरांच्या बरोबर मधे, तारांच्या अगदी खाली घेतलेले पॉइंट दोन्ही वेळा २ सेंटीमीटरच्या आत जुळले.

दुसरी अडचण करेक्शनची. बेस (माहीत असलेल्या जागी ठेवलेला, करेक्शन पाठवणारा रिसीव्हर) १.८ किलोमीटरवर आहे, करेक्शन रेडिओवरून, ४५० मेगाहर्ट्झच्या आसपास. सी-६ ते सी-८ या टप्प्यात करेक्शनचं वय (ते किती जुनं आहे) ६-७ सेकंदांवर जातं, मधेच फ्लोट (कच्चं, कमी अचूक उत्तर) होतं, परत फिक्स होतं. सकाळी धुकं असताना तारा जोरात गुणगुणत होत्या, तेव्हा मात्र रेडिओ बऱ्यापैकी चालला. दुपारी कोरड्या उन्हात जास्त तुटला. मला उलटं अपेक्षित होतं.

आमच्या टीममधले वरिष्ठ म्हणतात, तारांचं चुंबकीय क्षेत्र सॅटेलाइटचा सिग्नल ओढतं. काम देणाऱ्यांचं म्हणणं, लाइनपासून ५० मीटरच्या आतला एकही आरटीके पॉइंट ते स्वीकारणार नाहीत. तसं केलं तर लाइनलगतचा सगळा टप्पा टोटल स्टेशननं (कोन आणि अंतर थेट मोजणाऱ्या यंत्रानं) पुन्हा करावा लागेल. करायला हरकत नाही, पण कारण कळल्याशिवाय करायचं नाहीये. आणि रिपोर्टमध्ये काय लिहू? रिसीव्हर जुना आहे, फक्त जीपीएस आणि ग्लोनास (रशियाची उपग्रह प्रणाली) घेतो.


साखळी_ते_सॅटेलाइट

मी तुमच्या वरिष्ठांच्या बाजूनं बोलतो. लाइनखाली जीपीएस बिघडतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे बीकनवरून (जमिनीवरच्या रेडिओ-केंद्रावरून) करेक्शन घेणारा रिसीव्हर होता, पाठीवर पिशवी आणि तिच्यातून वर आलेला अँटेना. हायटेन्शन लाइन शंभर मीटरवर आली की करेक्शन बंद. लाइन ओलांडून पुढे गेलो की सुरू. हे एकदा-दोनदा नाही, वर्षानुवर्षं झालं. तेव्हापासून मी लाइनच्या जवळ कंट्रोल पॉइंट कधी ठेवला नाही आणि माझ्या हाताखालच्या मुलांनाही ठेवू दिला नाही. तुमच्या सी-७ चं तेच झालंय. ५० मीटर लांब जा आणि आतले पॉइंट टोटल स्टेशननं उचला.


शून्यबिंदू

सी-७ चे आकडे मी दोनदा वाचले. माझ्या मते तो पॉइंट टॉवरच्या लोखंडामुळे बिघडलाय. तारांमधल्या विजेचा त्यात हात नाही, आणि हे तुम्ही दिलेल्या माहितीवरूनच दाखवता येतं. गेली १९ वर्षं मी बहुतेक काम पारेषण लाइनींच्या मोजणीचंच केलंय. टॉवरची जागा ठरवण्यापासून ते तार ओढल्यावर तिचा झोळ मोजण्यापर्यंत. लाइनखाली मी हजारो पॉइंट घेतलेत, आणि या प्रश्नावर कामं अडलेली पाहिली आहेत. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी चुंबकीय क्षेत्राचं. तारांमधली वीज ५० हर्ट्झची, काही देशांत ६०. जीपीएसचा एल-१ सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झचा. दोघांच्या कंपनसंख्येत तीन कोटींहून जास्त पटींचा फरक आहे. हवेत दोन लहरी एकमेकींतून आरपार जातात, एक दुसरीला ओढत नाही की वाकवत नाही. चुंबकीय क्षेत्राचा रेडिओलहरीवर परिणाम व्हायला मधे आयनोस्फिअरसारखा विद्युतभारित वायू लागतो. टॉवरखालच्या हवेत तो नाही.

पण वरिष्ठांची भीती उगाच आहे असं मी म्हणणार नाही. सॅटेलाइटचा सिग्नल जमिनीवर पोहोचतो तेव्हा किती क्षीण असतो पाहा: एका वॅटचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करा, साधारण तेवढा. लाइननं त्याच पट्ट्यात थोडा जरी गोंगाट केला असता तरी आपली सगळ्यांची कामं बंद पडली असती. लाइन गोंगाट करते हेही खरं. तो कोणत्या कंपनसंख्येवर करते, एवढंच पाहायचं.

तुम्ही धुक्यात ऐकलेली गुणगुण म्हणजे कोरोना. तारेच्या पृष्ठभागापाशी हवेचं आयनीभवन होतं, ओलाव्यात वाढतं. त्याचा रेडिओ-गोंगाट खालच्या कंपनसंख्यांवर जोरदार असतो, मिडियम वेव्हचा रेडिओ लाइनखाली खरखरतो तो त्यामुळेच. कंपनसंख्या वाढत जाते तसा तो झपाट्यानं विरतो. दीड हजार मेगाहर्ट्झपर्यंत त्याचं काही उरत नाही. २००२ मध्ये सिल्वा आणि ओल्सन यांनी आयईईईच्या नियतकालिकात नेमका हाच प्रश्न तपासला होता. तारांचा गोंगाट आणि तारांमुळे होणारं विखुरणं, दोन्हींमुळे जीपीएस बिघडण्याची शक्यता फार कमी, असाच त्यांचा निष्कर्ष होता. माझा अनुभव त्याला धरूनच आहे.

साखळी_ते_सॅटेलाइट, तुम्ही पाहिलंत ते शंभर टक्के खरं आहे. फक्त बिघडत होतं ते करेक्शन. बीकनचं करेक्शन ३०० किलोहर्ट्झच्या आसपास यायचं, २८३.५ ते ३२५ या पट्ट्यात. कोरोनाचा गोंगाट तिथे भरपूर असतो. शिवाय वीज कंपन्या स्वतःचे संदेश याच तारांवरून पाठवतात, ते साधारण ३० ते ५०० किलोहर्ट्झमध्ये. म्हणजे तुमचं करेक्शन लाइनच्या पोटातूनच चाललं होतं. सॅटेलाइटचा सिग्नल तेव्हाही ठीक होता. अमेरिकेनं तर ती बीकन सेवा २०२० मध्ये पूर्ण बंद केली. पण ‘लाइनखाली जीपीएस नको’ हा नियम मागे राहिला. आजचे ५० मीटर त्यातूनच आले असावेत असं मला वाटतं. त्या काळच्या रिसीव्हरांचीही एक बाजू आहे: एल-२ या जीपीएसच्या दुसऱ्या कंपनसंख्येवर नागरी वापरासाठीचा एल-२सी सिग्नल देणारा पहिला उपग्रह २००५ मध्ये गेला. त्याआधी एल-२ वरचा लष्करी कोड माहीत नसताना आडमार्गानं सिग्नल पकडावा लागे आणि त्यात सिग्नलची ताकद बरीच वाया जाई. जुने रिसीव्हर झाडाखाली, टॉवरपाशी लवकर मान टाकत त्याचं हेही एक कारण.

तारा सिग्नल अडवतात का? जाड तार ३ सेंटीमीटरची धरा आणि ती तुमच्या डोक्यावर १५ मीटर आहे असं समजा. सॅटेलाइटची लहर एका रेघेसारखी येत नाही. तेवढ्या उंचीवर तिचा जो भाग तुमच्या अँटेनाच्या कामाचा असतो तो सुमारे ३.४ मीटर व्यासाचा. त्यातून ३ सेंटीमीटरची तार गेली तर किती झाकलं जाणार? म्हणून तुमचे मधल्या स्पॅनचे (दोन टॉवरांमधल्या पट्ट्याचे) पॉइंट २ सेंटीमीटरमध्ये जुळले. ही या धाग्यातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ आहे आणि तुम्ही ती ‘गंमत’ म्हणून लिहून पुढे गेलात. विजेचा दोष असता तर तारांच्या बरोबर खाली सगळ्यांत वाईट आकडे आले असते.

आता टॉवर. एल-१ ची तरंगलांबी १९ सेंटीमीटर, एल-२ ची २४. जाळीदार टॉवरच्या पायांचे अँगल साधारण त्याच घरातल्या रुंदीचे. अशा लोखंडावर आपटून लहर इकडेतिकडे उडते आणि थेट आलेल्या लहरीत मिसळून अँटेनात शिरते. हाच मल्टिपाथ. एका सॅटेलाइटच्या एल-१ फेजमध्ये (लहरीवरून काढलेल्या अंतरात) त्यानं जास्तीत जास्त पाव तरंगलांबीची, म्हणजे जेमतेम ५ सेंटीमीटरची चूक होते. पण उत्तर काढताना ती चूक भूमितीप्रमाणे फुगते, उंचीत सगळ्यांत जास्त. रिसीव्हरला हे कळत नाही. तो जे १७ मिलिमीटर दाखवतो ते ‘पूर्णांक (सॅटेलाइटपर्यंतच्या पूर्ण तरंगांची संख्या) बरोबर सुटलेत आणि सिग्नल स्वच्छ आहे’ असं गृहीत धरून. टॉवरच्या पायाशी दुसरी गोष्ट खरी नाही, आणि कधीकधी पहिलीही नाही.

मग दुसऱ्या दिवशी तोच आकडा का आला? यानं मीसुद्धा सुरुवातीच्या काळात फसले आहे. जीपीएसचे उपग्रह रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ४ मिनिटं आधी आकाशात त्याच जागी येतात. तुम्ही ९.१० नंतर ९.०५ ला गेलात. म्हणजे जवळजवळ तेच आकाश, तोच टॉवर, तेच परावर्तन, तीच चूक. ग्लोनासचा एखादा उपग्रह त्याच जागी यायला ८ दिवस लागतात, पण त्याच्या एका कक्षेत ४५-४५ अंशांवर ८ उपग्रह आहेत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्या जागी शेजारचा येऊन बसतो. तुमचा रिसीव्हर या दोनच प्रणाली घेतो, म्हणून पुनरावृत्ती इतकी हुबेहूब झाली. टॉवरजवळचा पॉइंट तपासायचा तर वेळ बदला, किमान २-३ तासांचं अंतर ठेवा. तुमचं दुपारचं निरीक्षण हीच खरी तपासणी होती.

करेक्शन तुटण्याचं कारण मात्र विजेशी असू शकतं. कोरोनाखेरीज लाइनवर दुसराही गोंगाट असतो, ठिणगीचा. कुठेतरी फिटिंग ढिलं असतं, दोन धातूंमध्ये बारीक फट पडते आणि त्या फटीत ठिणग्या उडत राहतात. हा गोंगाट काहीशे मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतो, तुमचा ४५० चा रेडिओ त्याच्या टप्प्यात येतो. आणि तो कोरड्या हवेत वाढतो, कारण ओलाव्यानं ती फट बुजते. तुमचं धुक्याचं आणि उन्हाचं निरीक्षण यात चपखल बसतं. असा गोंगाट मोठ्या लाइनीपेक्षा मला छोट्या वितरण लाइनींवर जास्त सापडलाय, तिथे तारा सैल असतात आणि फिटिंग हलकी. सी-६ ते सी-८ मध्ये एखादी ११ किंवा ३३ केव्हीची लाइन जाते का? नीट बघा. सगळ्यांचं लक्ष मोठ्या टॉवरकडे असतं.

करेक्शन तुटलं म्हणून आकडा चुकत नाही, हेही सांगते. आरटीसीएम ३ च्या (करेक्शन पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) प्रत्येक संदेशाला २४ बिटांची तपासणी जोडलेली असते, खराब झालेला संदेश रिसीव्हर टाकून देतो. करेक्शन एक तर बरोबर येतं, नाहीतर येतच नाही. धोका पुढच्या पायरीवर आहे. करेक्शन तुटलं, फ्लोट झालं, आणि पुन्हा फिक्स कुठे शोधायची वेळ आली? टॉवरच्या पायाशी. तिथे सिग्नल मळलेला, आणि रिसीव्हरनं घाईनं चुकीचे पूर्णांक पकडले तर पडद्यावर ‘फिक्स’च दिसणार.

एक चाचणी करा. रिसीव्हरवर प्रत्येक सॅटेलाइटची सिग्नल-ताकद उघडून ठेवा आणि मोकळ्या जागेतून चालत तारांखाली आणि मग टॉवरपाशी या. लाइनचा गोंगाट एल-१ पर्यंत पोहोचत असेल तर सगळ्या दिशांच्या सगळ्या सॅटेलाइटचे आकडे एकदम घसरतील. टॉवरचा दोष असेल तर फक्त टॉवरच्या दिशेचे एक-दोन वरखाली नाचतील आणि बाकीचे स्थिर राहतील. सोबत कच्चा डेटा साठवा, घरी बेसच्या डेटाबरोबर प्रक्रिया करता येईल, म्हणजे रेडिओचा प्रश्न बाजूला राहील. आणि सी-७ एकदा टोटल स्टेशननं दोन्हीकडून बांधा.


गार्डवायर

मी लाइनच्या देखभालीत काम करतो, मोजणीत नाही. अचूकतेबद्दल बोलणार नाही, पण एक विनंती आहे.

२ मीटरच्या पोलवर रिसीव्हर घेऊन मोठ्या लाइनखाली चालणं वेगळं आणि ५ मीटरची स्टाफ किंवा पूर्ण लांबवलेला प्रिझम पोल उभा करणं वेगळं. कार्बन फायबरचा पोल वीज वाहतो. तो काळा आणि हलका असतो म्हणून लोकांना तो प्लॅस्टिकसारखा वाटतो. अॅल्युमिनियमचं तर सांगायलाच नको. छोट्या लाइनी मोठ्यांपेक्षा जास्त धोक्याच्या, कारण त्या खाली असतात आणि झाडीत दिसत नाहीत. सकाळी पाहिलेली तारेची उंची दुपारी तीच राहत नाही. ऊन आणि लोड वाढला की तार तापते, लांबते, खाली येते.

तारेची उंची मोजायची असेल तर खालून काहीही वर धरू नका. टोटल स्टेशननं लांबून कोन घेऊन काढा. लाइनला समांतर गेलेल्या लांब तारेच्या कुंपणाला हात लावू नका, त्यात वीज उतरलेली असू शकते, धातूची लांब टेपही तिथे पसरू नका. लाइनपासून किती अंतर राखायचं ते व्होल्टेजप्रमाणे ठरतं, ते काम सुरू करण्याआधी लाइनच्या मालकांकडून लेखी घ्या.

आणि ठिणगीचा आवाज कुठल्या खांबाजवळ वाढतो ते कळलं तर खांबाचा नंबर जरूर कळवा. ढिलं फिटिंग आम्हाला जमिनीवरून दिसत नाही. तुमच्या रेडिओची तक्रार म्हणजे आमच्यासाठी बिघाडाची आगाऊ सूचना आहे.


उड्डाण_नोंद

शून्यबिंदू यांनी चुंबकीय क्षेत्राचा मुद्दा सॅटेलाइटपुरता सोडवला, पण रिसीव्हरच्या आत होकायंत्र असेल तर? मी ड्रोननं मोजणी करतो, टॉवरजवळ ड्रोनचं होकायंत्र भरकटलेलं पाहिलंय. जुन्या टिल्टवाल्या रोव्हरमध्ये (कललेल्या पोलवरूनही टोकाची जागा काढणाऱ्या फिरत्या रिसीव्हरमध्ये) पोल कुठल्या दिशेला कललाय हे इलेक्ट्रॉनिक होकायंत्रावरून ठरतं. २ मीटरचा पोल १० अंश कलला तर टोक ३५ सेंटीमीटर बाजूला असतं. दिशा १० अंशांनी चुकली तर पॉइंट ६ सेंटीमीटर सरकला. आयएमयूवाल्या (हालचालीच्या सेन्सरवरून कल काढणाऱ्या) नव्या रोव्हरना हा त्रास सहसा होत नाही. प्रश्नकर्त्यांनी टिल्ट वापरला होता का?


बुडबुडा_मध्यात

सगळ्यांचे आभार. ५ दिवस लागले, पण सगळं करून पाहिलं. ओळीनं लिहितो.

उड्डाण_नोंद, सी-७ वर टिल्ट बंद होता. पण तुमचं वाचून फील्ड बुक उघडलं, तर टॉवरजवळच्या नाल्याच्या तळाचे ३ पॉइंट मी टिल्ट चालू ठेवून घेतले होते, कारण पोल सरळ उभा राहत नव्हता. आणि हो, माझ्या रोव्हरमध्ये होकायंत्रच आहे. ते तिन्ही टोटल स्टेशननं पुन्हा घेतले. दोन ठीक निघाले, टॉवरच्या सगळ्यांत जवळचा ९ सेंटीमीटरनं सरकलेला होता. हा प्रश्न मी विचारलाही नव्हता. तुम्ही लिहिलं नसतं तर तो पॉइंट तसाच नकाशात गेला असता.

शून्यबिंदू ताई, सिग्नल-ताकदीची चाचणी सकाळी ९ च्या आत सुरू केली. मोकळ्या जागेपासून तारांखाली येईपर्यंत एकाही सॅटेलाइटचा आकडा हलला नाही. अगदी तारांखाली ५ मिनिटं उभा राहिलो, काही नाही. टॉवरच्या पायाशी आलो आणि टॉवरच्या दिशेच्या दोन सॅटेलाइटचे आकडे ४७ वरून ३३ पर्यंत खाली, परत वर, असे नाचायला लागले. बाकीचे शांत. वरिष्ठांना हाक मारून तो पडदा दाखवला. ते बराच वेळ पोल हातात घेऊन पुढे-मागे चालून पाहत होते. मग म्हणाले, ते दोन बंद करून बघ.

कच्चा डेटा ४० मिनिटांचा साठवला होता, रात्री प्रक्रिया केली. सगळे सॅटेलाइट धरून उंची ४१२.३७९ आली. ते दोन वगळले, ४१२.३०९. दुसऱ्या दिवशी ११.३० ला आरटीकेनं ४१२.३११ आणि १.१५ ला ४१२.२९१. टोटल स्टेशननं सी-५ आणि सी-८ वरून बांधला तेव्हा ४१२.२९८. म्हणजे माझं दुपारचं निरीक्षण पहिल्या दिवसापासून बरोबर होतं आणि मी मात्र ‘दोनदा तेच आलं’ म्हणून सकाळचा आकडा खरा मानून बसलो होतो.

रेडिओचं: सी-६ च्या पुढे, झुडपांमागून ११ केव्हीची लाइन खरंच जाते. मी तिला कधी मोजलंच नव्हतं. तिच्या एका खांबाजवळ रेडिओ पूर्ण मरतो, ४० मीटर लांब गेलं की परत येतो. जवळ उभं राहिल्यावर बारीक तडतडही ऐकू येते. गार्डवायर, खांबाचा नंबर तिथल्या देखभालीच्या लोकांना कळवला, फोटोसह. त्या टप्प्यासाठी करेक्शन मोबाइल इंटरनेटवरून घेतलं, वय १ सेकंदाच्या वर गेलं नाही.

आता रिपोर्ट. ५० मीटरचा नियम बदलून मागायचाय. काय मुद्दे मांडू?


साखळी_ते_सॅटेलाइट

मी माझं वरचं म्हणणं मागे घेतो. बीकनचं ३०० किलोहर्ट्झचं गणित मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मुलांना नियम दिला, कारण दिलं नाही. टॉवरपासून लांब राहण्याचा सल्ला मात्र कायम ठेवतो.


शून्यबिंदू

तो कायम ठेवाच, मीही ठेवते. आणखी एक, जुन्या साधनांचा विषय निघालाच आहे तर: स्वयंचलित लेव्हलच्या (उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीच्या) काही मॉडेलांच्या कॉम्पेन्सेटरवर (नजरेची रेघ आपोआप आडवी ठेवणाऱ्या भागावर) चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो हे १९८०च्या सुमारास सिद्ध झालं होतं. त्यामुळे लाइनखालून लेव्हलिंग नेताना मी दोन्ही दिशांनी करते. वरिष्ठांचा चुंबकीय क्षेत्राचा संशय त्या साधनासाठी बरोबर ठरला असता.

बुडबुडा_मध्यात, रिपोर्टमध्ये मत लिहू नका, तुमचे आकडेच मांडा. मधल्या स्पॅनच्या १४ पॉइंटांची दोन्ही वेळची निरीक्षणं शेजारी-शेजारी द्या. सी-७ ची सगळी मूल्यं द्या, चुकलेलीसुद्धा, वेळेसकट. दोन सॅटेलाइट वगळल्यावर उंची किती उतरली ते द्या आणि सिग्नल-ताकदीचा आलेख जोडा. मग मागणी अशी ठेवा: टॉवरपासून ३० मीटरच्या आत आरटीकेनं कंट्रोल पॉइंट नाही, तिथले सगळे पॉइंट टोटल स्टेशननं. तारांखालच्या बाकी पॉइंटांना आरटीके चालेल, पण प्रत्येकाची दोन निरीक्षणं, २ तासांच्या अंतरानं, मधे फिक्स तोडून मोकळ्या जागेत नव्यानं घेतलेला. ३० मीटर हा माझ्या कामातला आकडा आहे, तुमच्या टॉवरच्या उंचीप्रमाणे वाढवा. सी-७ कंट्रोल म्हणून रद्द करा आणि मोकळ्यावर नवा पॉइंट टाका. चौथरा कितीही पक्का असला तरी.


बुडबुडा_मध्यात

टाकला. सी-७ए, टॉवरपासून ६५ मीटर. सकाळी ९ आणि दुपारी १२.३०, उंचीत फरक ९ मिलिमीटर. रिपोर्ट उद्या देतोय. ११ केव्हीच्या त्या खांबावर आज सकाळी माणसं चढलेली दिसली.